लाल मेपल, लाल कुसुम: नागपुरातल्या एका घराचं प्रकरण

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की मला एकाच छापाचे फोन येतात. झाड थंड प्रदेशातलं, ऑनलाइन मागवलेलं, फेब्रुवारीत छान फुटलेलं आणि आता पानांच्या कडा जळत चाललेल्या. अशातलं एक प्रकरण इथे पूर्ण मांडतो. ते निवडण्याचं कारण म्हणजे त्यात एकाच जातीची दोन झाडं एकाच कुटुंबाकडे होती, एक बोस्टनजवळच्या गावात मुलीकडे आणि दुसरं नागपुरात आईवडिलांकडे. दोन्हींची काळजी मन लावून घेतली गेली. एक मस्त वाढलं, दुसरं गेलं. काळजीत फरक नसताना झाडात एवढा फरक का पडला, हे अशी जोडी समोर असली की नीट दिसतं.

कुटुंबाचं नाव देत नाही. घर नागपूरच्या दक्षिण-पश्चिम भागातल्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, प्लॉट तीन हजार चौरस फुटांचा. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या भावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, आणि ही गोष्ट पुढे कामी आली. काका-काकू ऑक्टोबरमध्ये मुलीकडे गेले होते, तिथे त्यांनी अख्खा डोंगर तांबडा झालेला पाहिला. परत आल्यावर काकांनी डिसेंबरात पहाडी भागातल्या एका नर्सरीतून जपानी मेपल मागवला. ‘ब्लडगुड’ जातीचं कलम, दोन फुटांचं, मुळांना ओलं शेवाळ गुंडाळलेलं, अंगावर एकही पान नाही. किंमत विचारली तेव्हा काकूंनी काकांकडे पाहिलं आणि मला चहा आणून दिला.

खरं तर काकांचा पहिला बेत मुलीने येताना बिया आणाव्यात असा होता. तो तिनेच मोडून काढला, ते बरं झालं. बाहेरच्या देशातून बी-रोप आणायला 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, खिशातून आणणं हा गुन्हा आहे. शिवाय मेपलची बी पेरली आणि उगवली असं होत नाही. ओल्या वाळूत किंवा शेवाळात घालून साधारण 4 अंशांवर तीनेक महिने थंडी दिल्याशिवाय ती जागी होत नाही. आणि ब्लडगुडच्या बीपासून ब्लडगुडच येईल याची हमीही नसते, म्हणूनच त्याची कलमं करतात. (ऑनलाइन निळ्या आणि जांभळ्या मेपलच्या बिया विकतात, त्या पाकिटांतून काय उगवेल ते उगवो, निळ्या पानांचा मेपल उगवणार नाही. तशी जातच नाही.)

मे महिन्यातली पाहणी

रोप फेब्रुवारीत फुटलं. इवली, पंजासारखी, गर्द तांबडी पानं. लेआउटमधली मंडळी फोटो काढायला येऊन गेली. मार्च संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मला बोलावणं आलं ते मे महिन्यात. काकू फोनवर म्हणाल्या, “भाऊ, पानं जळून राहिली, पाणी तं रोज दोनदा घालतो. काऊन होऊन राहिलं असं?”

घर पश्चिममुखी. गेटच्या आत दहा-बारा फुटांचं अंगण, त्यावर पेव्हर ब्लॉक, आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकून काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मेपल. दुपारी दोननंतर समोरून ऊन, मागून तापलेली भिंत, खालून तापलेले ब्लॉक. कुंडीच्या बाजूला हात लावला, धरवेना. मातीच्या वरच्या कडेला पांढरा थर साचला होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. कुंडीत प्लॉटचीच काळी माती शेणखत मिसळून भरलेली. ती वाळून आकसली होती आणि कुंडीच्या भिंतीपासून बोटभर सुटली होती. तांब्याभर पाणी ओतलं तर ते त्या फटीतून सरळ खाली गेलं आणि बुडाच्या भोकातून बाहेर आलं. लोखंडी सळई मधोमध खुपसून काढली, टोकाला ओलाव्याचा पत्ता नाही. रोज दोनदा पाणी घालूनही मुळांचा गोळा कोरडा होता.

पानांकडे आलो. जुन्या पानांच्या बोटांची टोकं तपकिरी, कुरकुरीत; जळालेला भाग आणि जिवंत भाग यांच्यात पेनाने ओढावी तशी स्पष्ट रेघ. पान नुसतं कोमेजलं तर अशी रेघ पडत नाही. मुळाकडून येणारं पाणी कमी आणि पानातून उडणारं जास्त झालं की सगळ्यात लांबचा भाग, म्हणजे कडा, आधी मरतो. त्यात पाण्यातले क्षार असले तर तेही वाहत जाऊन कडेलाच साचतात. वरची नवी पानं वेगळीच होती. शिरा गडद, मधला भाग फिका पिवळट. ही लोहाची उपासमार. मातीत लोह असतं, पण विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, मातीत ते मुळाला घेता येईल अशा रूपात राहत नाही. जपानी मेपलला साधारण 5.5 ते 6.5 सामू (पीएच) लागतो, आपली काळी माती बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर.

क्षार कुठून आले हा प्रश्न उरला. या घरात नळाला पुरेसं पाणी होतं, बोअरवेल नव्हती. मी विचारलं, काकांनी नळाकडे बोट दाखवलं. उत्तर मात्र काकूंकडे होतं. दिवाणखान्याच्या खिडकीत डेझर्ट कूलर, त्याचं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. ते वाया कशाला घालवायचं म्हणून बादलीने मेपलला. विचार चांगला होता, पण कूलरमध्ये उडून जातं ते फक्त पाणी. क्षार सगळे टाकीतच राहतात, आणि वरून भर घालत गेलं की ते आणखी दाट होतात. आरओच्या मशीनमधून फेकलं जाणारं पाणीही त्याच जातीचं. कण्हेर, बोगनवेल अशी झाडं ते बऱ्यापैकी पचवतात, मेपल नाही. काकांनी लगेच आरओवाल्याचं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, आणलं. कूलरच्या टाकीतला आकडा नळाच्या दुपटीहून वर.

मग जे करता येण्यासारखं होतं ते केलं. मे महिन्यात कुंडी बदलणं म्हणजे आजारी माणसाला घर बदलायला लावणं, म्हणून माती तशीच ठेवली. कुंडी टबमध्ये बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजू दिली, मग वरून नळाचं पाणी भरपूर सोडून क्षार धुवून काढले. जागा बदलून ती घराच्या पूर्वेला, जिन्याखालच्या उजेडात नेली. ही कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली, वर अर्धी सावली देणारी हिरवी नेट. माती पावसाळ्यात बदलायची ठरली: भंडाऱ्याकडून येणारं भाताचं तूस, कोकोपीट, विटांचा चुरा, थोडं पानखत.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, त्या रोपाने काढला. पण काकांना मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की आपण उन्हाळ्याचा बंदोबस्त केलाय, हिवाळ्याचा करता येणार नाही.

हिवाळ्याची भानगड

काकांना हे पटेना. त्यांचा सवाल बिनतोड वाटावा असा होता: हिमाचलात बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी गरम मुलखात चालणारं सफरचंद काढलं, त्या एचआरएमएन-99 साठी त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, ते सफरचंद मैदानात येतं तर मेपल का नाही?

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. थंड प्रदेशातल्या पानगळी झाडाला दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार झाल्या की इशारा मिळतो. ते पानातला नत्र खोडाकडे ओढून घेतं, हिरवं द्रव्य मोडतं, देठाशी एक पेशींचा पडदा तयार होतो आणि पान गळतं. मग डोळे, म्हणजे फांदीवरचे मिटलेले अंकुर, झोपतात. ही झोप नुसती ऊब आल्याने मोडत नाही. शून्य ते सात अंशांच्या आसपासची थंडी काही आठवडे खाल्ली, तरच डोळा आतून मोकळा होतो आणि पुढची ऊब त्याला जागं करू शकते. जानेवारीत बोस्टनला एखादा उबदार आठवडा आला आणि झाड लगेच फुटलं तर पुढच्या बर्फात मरेल, त्यापासून वाचायची ही सोय आहे. किती थंडी लागते हे जातीजातीवर आहे. शर्मांनी जे झाड निवडलं त्याची ही भूक मुळातच फार कमी होती. जपानी मेपलची भूक तशी नाही.

आता नागपूर. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी 12-13 अंशांवर, दुपार 28-29 ची. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर गेला होता, पण तशा रात्री मोजक्याच, आणि रात्री मिळालेली थोडी थंडीही दुपारच्या उबेने पुसली जाते. दिवसाचंही तसंच. आपला सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या वर, बोस्टनचा जेमतेम नऊ तासांचा. म्हणजे झाडाला धड झोपायची हाक येत नाही आणि धड उठायची घंटाही वाजत नाही. पहिल्या फेब्रुवारीत ते सुरेख फुटलं ते पहाडातल्या नर्सरीत खाल्लेल्या थंडीच्या जोरावर. ती शिदोरी एका हंगामाची होती.

काकांनी थोडा वेळ विचार केला आणि संत्र्यावर आले. त्यांच्या भावाच्या बागेत मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडतात. झाड पानं मलूल करतं, थोडी गाळतं, वाढ थांबते, आणि मृगाचा पाऊस पडला की फुलोरा येतो. आंबिया बहाराला तोच ताण थंडीतून मिळतो. काका म्हणाले, “म्हणजे मेपलले थंडीचा ताण पायजे, आन् आपल्या रानातल्या झाडाले पान्याचा.”

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. विदर्भातलं जंगल पानगळी आहे, साग, ऐन, धावडा, सालई, मोह, पळस सगळी पानं टाकतात, पण थंडीला घाबरून नाही. पाऊस सप्टेंबरअखेर संपतो, जमीन वरून वाळत जाते, आणि पानातून उडणारं पाणी परवडेनासं होतं तेव्हा ती पानं टाकतात. पानं गेल्यावर खोडात आणि खोल मुळांशी असलेलं पाणी वाचतं, खोड पुन्हा भरतं, आणि दिवस मोठे होऊ लागले की त्याच साठ्यावर मार्च-एप्रिलच्या रखरखाटात पालवी फुटते. पाऊस यायला अजून दोन-अडीच महिने असतात. नागपूरच्या माणसाला हे इतकं सवयीचं आहे की त्यातलं नवल दिसत नाही.

दुसरा हंगाम

पावसाळ्यात माती बदलली, रोपाने नवी पानं दिली. ती मात्र हिरवट काशाच्या रंगाची. ब्लडगुडचा लाल रंग गरम रात्री आणि सावलीत फिका पडतो, आणि आम्हाला तर ऊन वाचवण्यासाठी सावली देणं भागच होतं. ऑक्टोबर हीटमध्ये कडा पुन्हा जळल्या. नोव्हेंबर-डिसेंबरात काका रोज सकाळी रंगाची वाट पाहत होते. पानं लाल झाली नाहीत, तपकिरी होऊन फांदीलाच लटकून राहिली. काही ठिकाणी जुनी पानं वाळत असताना शेजारीच नवं कोंब येत होतं.

जानेवारीत काकांनी जुना फ्रिज दुरुस्त करून रोप त्यात ठेवायचा बेत काढला. हा वेडेपणा नाही. गरम मुलखातले काही बोन्साय करणारे हे करतात, पानं पूर्ण गळलेलं झाड 4 अंशांवर आठ-दहा आठवडे. पण फ्रिजमधली हवा कोरडी असते, मुळं ओली राखावी लागतात, आत फळं ठेवलेली चालत नाहीत कारण पिकणाऱ्या फळांचा वायू डोळ्यांना मारतो. आणि एवढं करून मार्चमध्ये ते बाहेर आलं की समोर मे महिना उभाच. काकूंनी एका वाक्यात निकाल दिला: “मले भाजी ठेवाले जागा नाही, याच्या झाडाले फ्रिज!”

फेब्रुवारीत फक्त शेंड्याचे दोन-तीन डोळे फुटले, तेही मागेपुढे. खालच्या फांद्या नंग्याच राहिल्या. मार्चमध्ये काकांचा आनंदाचा फोन: बुडातून जोरदार फूट आली आहे. जाऊन पाहिलं. जमिनीपासून चार-पाच बोटांवर खोडाला तिरकी गाठ होती, कलमाची. नवी फूट गाठीच्या खाली होती, पानं स्वच्छ हिरवी आणि बोटं जरा रुंद. म्हणजे जगत होता तो खुंट, बी लावून वाढवलेला साधा जपानी मेपल. वर बांधलेला ब्लडगुड फांदीफांदीने मरत होता. नखाने साल खरवडून दाखवली: गाठीच्या वर तपकिरी, खाली हिरवी ओली. बाजारातलं कोणतंही कलम घेणाऱ्याने ही गाठ कुठे आहे ते पहिल्या दिवशीच पाहून ठेवावं. आंबा, गुलाब, संत्रा, सगळीकडे हीच गोष्ट. खुंटाची फूट वाढू दिली तर कलमाचं झाड हातचं जातं आणि मालकाला वाटतं झाड जोमात आहे.

खुंटाची ती फूटही नवतप्यात गेली. उन्हाळा त्या वर्षी विशेष कडक होता असंही नाही. 23 मे 2013 ला नागपूरने 47.9 अंश पाहिलेत, त्या मानाने सगळं नेहमीसारखं होतं.

मुलीचं झाड

मुलीने लावलेलं झाडही ब्लडगुडच. तिच्या घराच्या पूर्वेला, एका मोठ्या ओकच्या विरळ सावलीत, उतारावर. सकाळचं ऊन, दुपारी सावली. जपानी मेपल मुळात जपान आणि कोरियाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारं लहान झाड आहे, त्याला हीच जागा मानवते. तिथली माती आम्लधर्मी, पाणी न धरणारी. तिने वसंतात, पानं उलगडण्याआधी लावलं. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या अडीचपट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोड जिथे मुळांकडे पसरतं तो भाग जमिनीच्या वर राहील असं बसवलं. कुंडीत गोल फिरलेली मुळं कापून मोकळी केली, कारण ती तशीच ठेवली तर पुढे जाडजूड होऊन खोडालाच फास लावतात.

तिच्या झाडाच्या दोनच तक्रारी निघाल्या. पहिली म्हणजे खोडाला टेकवून रचलेला लाकडी भुशाचा ढीग. तिकडे अशी रीतच पडली आहे. दिसतं छान, आत साल कुजते. तिने तो मागे सारून तीन इंचांचा थर पसरट केला, खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवली. दुसरी तक्रार मे महिन्यातल्या एका रात्रीच्या हिमाची, कोवळी पानं काळी पडली. त्यावर मी काही करू नका म्हणालो आणि तीन आठवड्यांत दुसरी पानं आली. छाटणी फार लागत नाही, लागलीच तर पानं नसताना, पण रस चढायला लागण्याआधी. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोलवर पाणी, इतकंच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिच्याकडून फोटो येतो. काळसर लाल पान आठवड्यात भडक शेंदरी होतं. रात्री गार पण हिम नाही, दिवसा लख्ख ऊन, अशी जोडी जमली तर पानात अडकलेल्या साखरेतून अँथोसायनिन हे लाल द्रव्य भरपूर तयार होतं. ऊन कमी आणि रात्री उबदार असल्या की फिका रंग. त्यामुळे तिकडेही दरवर्षी सारखा रंग येत नाही.

मग काय लावायचं

काकूंना अंगणात सडा नको होता, काकांना लाल झाड हवं होतं. मी विचारलं, लाल पान ऑक्टोबरातच हवं का? हा प्रश्न त्यांना विचित्र वाटला. मी त्यांना गेटबाहेरच्या देशी बदामाकडे पहायला सांगितलं. थंडी उतरता उतरता त्याची मोठाली पानं किरमिजी होऊन गळतात, काकू वर्षानुवर्षं ती झाडून टाकत आल्या होत्या, आणि त्याच दारातून बाहेर पडून सगळे मेपलचा फोटो काढत होते. कुठेही जा, पळसाला पानं तीनच म्हणतात, तरी माणूस बोस्टनला जाऊन मोजतो. बदाम समुद्रकाठचं झाड, मी त्याची शिफारस केली नाही, नुसता दाखवला.

शिफारस केली ती कुसुमाची. बरेच जण त्याला कोशिंब म्हणतात, लाखेचा किडा त्यावर पोसतात, ती कुसुमी लाख. गोंदिया-भंडाऱ्यापासून पेंचपर्यंतच्या जंगलात नाल्याकाठी तो हमखास दिसतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडे दिवस जवळपास निष्पर्ण होतो आणि मार्चमध्ये पालवी फुटते ती अशी लाल की पहिल्यांदा पाहणाऱ्याला झाड फुललंय असं वाटतं. कोवळी पानं मऊ, खाली लोंबणारी. लाल, मग तांबूस, मग पोपटी आणि दोनेक आठवड्यांत गडद हिरवी. रंग देणारं द्रव्य तेच, अँथोसायनिन. मेपल ते निरोपाच्या वेळी काढतो, कुसुम आगमनाच्या वेळी. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य पुरेसं भरेपर्यंत कडक ऊन सोसायला हा लाल पडदा उपयोगी पडतो, असं मानलं जातं. आमच्याकडच्या मार्चच्या उन्हात ते पटण्यासारखं आहे.

वर्णनाने काका हलणार नव्हते. त्यांना म्हटलं, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मनसरवरून देवलापारच्या रस्त्याने जाऊन या, पळसही फुललेला असेल. गेले. संध्याकाळी फोन आला, “भाऊ, हे झाड आपल्या घराच्या फाटकाशी लावता येते का?”

येत नाही. कुसुम साठ-सत्तर फूट सहज जातो आणि तेवढाच पसरतो, बारा फुटांच्या अंगणात तो लावणं म्हणजे पंधरा वर्षांनी करवत बोलावणं. लेआउटच्या मधोमध ओपन स्पेस आहे, रेकॉर्डवर बगीचा, प्रत्यक्षात क्रिकेटची खेळपट्टी आणि गाजरगवत. तिथे चार कुसुम लावायचे ठरले, महापालिकेच्या उद्यान विभागाकडून लेखी होकार घेऊन. तो मिळवायला काकांनी त्यांची सगळी सरकारी हातोटी वापरली. घरच्या अंगणात ब्लॉक काढून चार बाय चारची माती उघडी केली आणि एक बहावा लावला, तो आटोपशीर राहतो. रोप विकतच घेतलं. बी लावायची असती तर कठीण कवच कानशीने घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवावी लागली असती.

कुसुमाच्या लागवडीत दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. बी फार टिकत नाही, जून-जुलैत फळ पिकलं की ताजीच पेरायची. म्हणून आम्ही तयार, पण लहान रोपं घेतली. मोठ्या पिशवीतलं पाच फुटी रोप घ्यायचा लेआउटवाल्यांचा आग्रह होता, तो मी मोडला, कारण कुसुमाचं सोटमूळ पिशवीच्या बुडाशी गोल फिरलं की आयुष्यभराचं अधू होतं. दुसरं म्हणजे काळी माती. इथे अडीच फुटी खड्ड्यात भारी खत-माती भरली तर पावसाळ्यात त्याची बादली होते, पाणी आत येतं, बाहेर जात नाही. म्हणून खणलेली मातीच मुरूम आणि थोडं शेणखत मिसळून परत भरली, रोप वीतभर उंचवट्यावर बसवलं. जुलैत लावलं, लोखंडी जाळी बसवली, बकऱ्या येतातच.

पाण्याचं वेळापत्रक लेआउटच्या चौकीदाराला भिंतीवर लिहून दिलं: पहिला उन्हाळा चार-पाच दिवसांनी प्रत्येकी पंधरा ते वीस लिटर, दुसरा आठ-दहा दिवसांनी, तिसरा पंधरा दिवसांनी, मग बंद. रोज तांब्या-तांब्या शिंपडायचं नाही, त्याने मुळं वरच रेंगाळतात. कूलरचं पाणी कुंपणाच्या मेंदीला.

कुसुम सावकाश वाढतो, हे आधीच बजावलं होतं. दोन पावसाळ्यांनंतर चारपैकी तीन रोपं कमरेच्या वर आली आहेत. एवढ्या लहान वयात ती पूर्ण पानं टाकत नाहीत, पण जेव्हा जेव्हा नवी फूट येते तेव्हा लालच येते. काकांनी या मार्चमध्ये मुलीला फोटो पाठवला, तिने कुठला मेपल म्हणून विचारलं.

चौथ्या रोपाची जागा चुकीची पडली. खड्डे घेणाऱ्याने सावली पाहून तो विजेच्या तारेखाली घेतला आणि मी पोहोचेपर्यंत रोप लागलं होतं. ते उपटून हलवण्यात अर्थ नाही, सोटमूळ तुटेल. या जुलैत ते काढून तिथे कढीपत्ता लावायचा आणि पाण्याच्या टाकीपलीकडे, आधीच्या कुसुमापासून तीस फुटांवर, नवं लहान रोप. लेआउटच्या समितीला तिन्ही झाडांभोवती टाइल्सचे ओटे बांधायचे आहेत, त्याचं अंदाजपत्रकही तयार आहे. खोडापासून चार फूट मोकळे सोडून बांधणार असाल तरच, असं मी लिहून दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.